मुद्दल ६४२ रुपये : रेपो दर, गृहकर्ज आणि न विचारणारा कर्जदार

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला विषय आज लिहून काढते आहे. लांबला तर सांभाळून घ्या.

एप्रिल २०२३. आयकरासाठी आकडे हवे होते म्हणून गृहकर्जाचे स्टेटमेंट उघडले आणि शेवटच्या ओळीवर नजर अडकली. हप्ता ३०,५३४ रुपये. त्यात व्याज २९,८९२. मुद्दल ६४२.

मी तीनदा वाचले. मग पहिल्या पानावर गेले. मे २०२१ चा पहिला हप्ता: व्याज २२,६६७, मुद्दल ७,८६७. दोन वर्षे एकही हप्ता न चुकवता भरला आणि मुद्दलात जाणारी रक्कम आठ हजारांच्या जवळून साडेसहाशेच्या खाली आली. घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण खात्यातून जाणारा आकडा बदललाच नव्हता. महिन्याच्या पाच तारखेला ३०,५३४ वजा, एवढाच एसएमएस. तो वाचून आम्ही निर्धास्त.

आमचे घर सिंहगड रस्त्याला. कोविडच्या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात सवलत दिली होती, आधी तीन टक्क्यांची डिसेंबर २०२० पर्यंत, मग दोन टक्क्यांची मार्च २०२१ पर्यंत. त्या मुदतीत बसायचे म्हणून मार्चमध्ये दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मास्क लावून उभे राहिलेल्या गर्दीत आम्हीही होतो. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, तेव्हा ४ टक्के होता. चाळीस लाख, वीस वर्षे, ६.८० टक्के. सगळे म्हणत होते, इतके स्वस्त कर्ज पुन्हा मिळायचे नाही. खरेच होते ते. पण कर्ज फ्लोटिंग होते, म्हणजे बदलत्या दराचे. रेपो अधिक २.८० असा करार आणि दर तीन महिन्यांनी रीसेट, म्हणजे व्याजदर नव्याने ठरणार. त्या ओळीखाली मी स्वतः सही केली आहे.

४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने अचानक बैठक घेऊन रेपो ४.४० केला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर गेला. महागाई सहा टक्क्यांच्या वर सलग तीन तिमाह्या राहिली होती आणि कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेला त्याचा खुलासा सरकारला द्यावा लागला होता. दर वाढवणे चूक होते असे मी म्हणत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ती वाढ माझ्या घरात शिरली कशी? हप्ता न वाढवता मुदत वाढवून. नवऱ्याने एक्सेलमध्ये मांडले तर उरलेले हप्ते निघाले ५००. एक्केचाळीस वर्षे आठ महिने. मी तेव्हा अडतीसची होते.

शाखेत गेलो. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "मुदत आपोआप ॲडजस्ट होते मॅडम, काळजी करू नका." आम्ही तिथेच बसून लेखी अर्ज दिला की मुदत मूळचीच ठेवा, हप्ता वाढवा. नवा हप्ता ३६,८३९. महिन्याला सहा हजार तीनशे जास्त. मुलीच्या शाळेची बस आणि आमची पावसाळ्यातली सहल त्या वर्षी बंद झाली. पण कर्ज पुन्हा माझ्या साठीच्या आत आले.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागले. कामाने मी अर्थशास्त्रज्ञ नाही, एका छोट्या कारखान्यात हिशेब बघते. पण गृहकर्ज, जोखीम आणि पतधोरण यावर जे संशोधन झाले आहे त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक कर्जदाराने वाचाव्यात अशा आहेत.

पहिली. जॉन कॅम्पबेल आणि जुआव कोको यांनी २००३ मध्ये मांडले की फ्लोटिंग कर्ज बऱ्याच जणांना परवडते, पण उत्पन्नाच्या मानाने कर्ज मोठे, उत्पन्न बेभरवशाचे आणि घर बदलण्याची शक्यता कमी, अशांना ते जड जाते. आपल्याकडचे पहिले घर घेणारे कुटुंब डोळ्यांपुढे आणा. तिन्ही गोष्टी लागू. आणि आपल्याकडे फ्लोटिंगशिवाय खरा पर्याय किती जणांना मिळतो?

दुसरी जास्त जिव्हारी लागली. अमेरिकेत कीज, पोप आणि पोप या तिघांनी डिसेंबर २०१० ची कर्जे तपासली. दर पडले होते, कर्ज बदलून घेतले असते तर फायदा होता आणि बदलायला काही आडकाठीही नव्हती, अशा कुटुंबांपैकी सुमारे २० टक्क्यांनी काहीच केले नाही. त्यातल्या मधल्या कुटुंबाचे महिन्याला १६० डॉलर वाया जात होते. डेन्मार्कमध्ये तर मुद्दल वाढवायचे नसेल तर कर्ज बदलताना पत तपासत नाहीत. तरीही तिथे लोक बदलत नाहीत. अँडरसन, कॅम्पबेल, नील्सन आणि तरुण रामदोराई यांचा २०२० चा अभ्यास सांगतो की वयस्कर, कमी शिकलेली, कमी उत्पन्नाची कुटुंबे दराकडे लक्षच ठेवू शकत नाहीत. ब्रिटनवरच्या एका अभ्यासात रामदोराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा दुवा जोडला: जे वेळेवर कर्ज बदलत नाहीत त्यांच्या जादा व्याजातूनच बदलणाऱ्यांना स्वस्त दर मिळतो. म्हणजे गप्प बसणारा विचारणाऱ्याचे व्याज भरतो. आणि गप्प बसणारा बहुतेक वेळा गरीब असतो.

हेच रामदोराई २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कौटुंबिक वित्त समितीचे अध्यक्ष होते. त्या अहवालात सरासरी भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेपैकी ७७ टक्के स्थावर, ११ टक्के सोने आणि फक्त ५ टक्के वित्तीय मालमत्ता आहे. आपले सगळे घरात अडकलेले असते. मग त्या घराच्या कर्जाचा दर ठरतो कसा, हे कळायला नको का?

तुमचे अनुभव लिहा. मुदत वाढल्याचे कुणाच्या लक्षात आले होते? कुणी कळवले होते का?

---

आकडेमोड

ताई, तुमचे आकडे ताळा करून पाहिले. ५०० हप्ते बरोबर आहेत. सूत्र असे आहे: महिन्याचे व्याज हप्त्याच्या जितके जवळ जाते तितकी मुदत लांबते, आणि ती सरळ रेषेत लांबत नाही, शेवटी शेवटी एकदम पळते. तुमच्या बाबतीत एप्रिलचा हप्ता गेल्यावर शिल्लक राहिले साधारण ३८,५६,३७१. आता दर ९.३० (रेपो ६.५० अधिक तुमचे २.८०) ऐवजी ९.५० धरा. महिन्याचे व्याज होते ३०,५३०. हप्ता ३०,५३४. मुद्दलात चार रुपये.

अजून पाव टक्का चढला असता तर मुद्दल फिटायचे सोडून वाढायला लागले असते. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढले ते याच भीतीने. मुदत वाढवून हप्ता व्याजालाही पुरेनासा होईल असे करायचे नाही, दर बदलला की हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते कर्जदाराला कळवायचे, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडेथोडे हे त्याला विचारायचे, आणि दर तिमाहीला आतापर्यंत फिटलेले मुद्दल, व्याज, उरलेले हप्ते यांचे स्टेटमेंट द्यायचे. जुन्या कर्जांनाही हे ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचे होते. तुम्ही एप्रिलमध्ये शाखेत जे भांडून मिळवले ते चार महिन्यांनी नियम झाले.

---

जुनी_खातेवही

मी राष्ट्रीयीकृत बँकेत तेहतीस वर्षे काढली, त्यातली अकरा कर्ज विभागात. मागची गोष्ट सांगतो, कारण आजचा नियम कशातून आला ते माहीत असलेले बरे.

आधी बीपीएलआर, म्हणजे बेंचमार्क प्राइम लेंडिंग रेट होता. नावाला तो सर्वांत चांगल्या गिऱ्हाईकाचा दर. प्रत्यक्षात बड्या कंपन्या त्याच्याही खाली कर्ज घेऊन जात आणि पगारदार माणूस वरच्या दराने भरत राही. जुलै २०१० ला बेस रेट आला, त्याच्या खाली कर्ज द्यायला बंदी. तरी बेस रेट काढण्याची पद्धत बँकेच्याच हातात. दर चढताना बेस रेट लगबगीने चढे. उतरताना आमच्याकडे बैठका होत. एप्रिल २०१६ ला एमसीएलआर, म्हणजे बँकेच्या निधीच्या खर्चावरून काढलेला दर आला, तिथेही निधीच्या खर्चाचे गणित बँकेचेच.

२०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने डॉ. जनक राज यांच्या अध्यक्षतेखाली अंतर्गत अभ्यासगट नेमला. त्यांनी स्पष्ट लिहिले की बँका बेस रेट आणि एमसीएलआरच्या गणितात हवे तसे फेरफार करतात आणि दरकपात जुन्या कर्जदारापर्यंत नीट पोचत नाही. त्यांची शिफारस अशी की दर बँकेबाहेरच्या मापाला बांधा. बँकांनी विरोध केला, तारीख पुढे गेली, शेवटी १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी फ्लोटिंग गृहकर्जे बाह्य मापदंडाला बांधणे सक्तीचे झाले. बहुतेकांनी रेपो घेतला.

मी स्वतः ती टेबले भरली आहेत. नव्या गिऱ्हाईकाला स्पर्धेमुळे कमी स्प्रेड (मूळ दरावर बँक लावते ती भर), जुना बसला आहे तिथे बसू दे, अशीच रीत होती. जुन्या कर्जदाराला पत्र पाठवा की तुमचा दर कमी होऊ शकतो, असे वरून कधी आले नाही आणि आम्हीही विचारले नाही. शाखेच्या उद्दिष्टात त्याला जागाच नव्हती. हे आज लिहिताना वाईट वाटते आहे.

---

कृष्णाकाठ

सगळे कर्जदाराच्या बाजूने बोलत आहेत म्हणून मी दुसऱ्या काठावरून लिहिते. मी सांगलीची, निवृत्त शिक्षिका. पेन्शन आहे, पण घर चालते ते मुदत ठेवींच्या व्याजावर. २०२० साली ठेवी नव्या करताना दर इतके पडले होते की मी औषधांचा खर्च वेगळ्या वहीत लिहायला लागले. २०२३ मध्ये थोडा श्वास मिळाला. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.२० वर आली, मर्यादा तीस लाख झाली. २०२५ मध्ये पुन्हा रेपो उतरला, ठेवींचे दर उतरले.

तुमचा हप्ता हलका होतो तेव्हा माझे व्याज हलके होते. बँक मधल्यामध्ये बसली आहे, पण पैसा शेवटी माझ्यासारखीचाच आहे ना? कर्जदाराला न्याय मिळावा, जरूर मिळावा. फक्त संशोधन करणाऱ्यांनी ठेवीदाराचा रकानाही मांडावा, एवढेच म्हणणे.

---

खिडकीपाशी

कृष्णाकाठ ताई, तुम्ही लिहिलेत ते फार बरे केले. माझ्या आईचेही असेच चालते. महिन्याच्या सुरुवातीला ती पासबुक भरून आणते आणि व्याजाच्या नोंदीवर पेन्सिलने खूण करते.

हे गणित मी असे समजून घेतले. रेपोशी बांधलेले कर्ज तीन महिन्यांत स्वस्त होते, पण तुमची ठेव मुदत संपेपर्यंत जुन्याच दराने व्याज घेते. त्या मधल्या काळात तोटा बँक सोसते. दर चढताना उलटे, माझे व्याज लगेच वाढते आणि तुम्हाला वाढीव दर ठेव नवी केल्यावरच मिळतो, तेव्हा फायदा बँकेचा. म्हणजे २०२२ च्या चढाईत मी तीन महिन्यांत भरायला लागले आणि तुम्हाला ते पैसे वर्षा-दोन वर्षांनी दिसले. आपण दोघी एकाच बाजूला आहोत असे मला वाटते.

---

मिसिसागाकर

६४२ चा आकडा वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेच कागद पसरले होते. कॅनडात व्हेरिएबल कर्जाचे दोन प्रकार आहेत. एकात दराबरोबर हप्ता बदलतो. दुसऱ्यात हप्ता ठरलेला, आत व्याज-मुद्दलाची वाटणी बदलते. आमचे दुसऱ्या प्रकारातले. बँक ऑफ कॅनडाचा दर २०२२ च्या सुरुवातीला पाव टक्का होता, जुलै २०२३ मध्ये पाच टक्के. इथे त्याला 'ट्रिगर रेट' असा शब्दच आहे, म्हणजे ज्या दराला तुमचा सगळा हप्ता व्याजातच जातो तो दर. काही बँकांत त्याच्या पुढे गेल्यावर उरलेले व्याज मुद्दलात मिळवत होते. हप्ता भरत राहायचे आणि कर्ज वाढत राहायचे.

इथे त्याला नाव होते, बातम्यांत रोज चर्चा होती, तरी आमच्या ओळखीतल्या चार मराठी घरांपैकी तिघांनी करारातला तो आकडा शोधला नव्हता. आम्ही त्या तिघांतलेच. आणि पाच वर्षांनी कर्जाचे नूतनीकरण असते, तेव्हा सगळा हिशेब एकदम समोर येतो. आमचे या वर्षी आहे.

---

पाटावरून_पेण

एक बाजू राहिली. वरचा रेपोचा नियम बँकांना आहे. आमचे कर्ज गृहवित्त कंपनीचे. त्यांचा स्वतःचा प्राइम लेंडिंग रेट, म्हणजे कर्जाचा मूळ दर असतो, तो त्या ठरवतात. २०१९ पासून या कंपन्यांवर देखरेख रिझर्व्ह बँकेची आली, पण दर बाह्य मापदंडाला बांधायची सक्ती त्यांना नाही. सहकारी बँकांनाही ते परिपत्रक नव्हते. गावाकडे, गावठाणातल्या घराला, सातबारावर चार नावे असतील तर मोठी बँक दारात उभी करत नाही. तिथे गृहवित्त कंपनी नाहीतर पतसंस्था. म्हणजे ज्यांना नियमाची जास्त गरज ते नियमाच्या बाहेर.

२०२५ मध्ये रेपो सव्वा टक्का उतरला, आमचा दर अर्धा टक्का. तोही मी दोनदा फोन केल्यावर.

---

रातराणी

धागा वाचून बाबांची फाइल काढली. बाबा एसटीतून निवृत्त झाले. २०१२ मध्ये पंधरा लाखांचे कर्ज, वीस वर्षे, १०.५० टक्के, हप्ता १४,९७६. आजही तोच हप्ता जातो. पासबुकात दर बघितला, १०.१५. चौदा वर्षांत इतकी वर-खाली झाली आणि दर तिथेच? स्टेटमेंटवर 'बेस रेट' लिहिले आहे. आता शिल्लक ७ लाख ९७ हजार. बाबा म्हणतात, राहिलेत किती, सहा वर्षे, जाऊ दे. काय करावे?

---

जुनी_खातेवही

रातराणी, जाऊ देऊ नका.

शाखेत जाऊन असे विचारा: "हे कर्ज बेस रेटवर आहे, ते रेपोशी जोडलेल्या दरावर न्यायचे आहे." बोलून थांबू नका, लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. २०१९ च्या परिपत्रकातच जुन्या कर्जदाराला हा बदल करून घ्यायची सोय आहे. फ्लोटिंग गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला बँकांना २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे अशा कर्जदाराकडून बदलासाठी फक्त वाजवी प्रशासकीय किंवा कायदेशीर खर्च घेता येतो. किती ते आधी लेखी विचारा.

दुसऱ्या बँकेत कर्ज हलवण्याचा पर्याय आहे, पण तिथे प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन आणि तारणाच्या नोंदीचे मुद्रांक शुल्क पुन्हा लागते. एवढ्या शिल्लक रकमेला त्याच बँकेत बदल करणे सोयीचे. नवा दर ठरताना स्प्रेड किती हे जरूर पाहा. आज नव्या माणसाला जो देतात तो मागा. आणि हप्ता कमी करू नका, तोच ठेवा म्हणजे मुदत घटेल.

---

आकडेमोड

रातराणी, दर ८.१५ मिळाला असे धरून काढले. आता महिन्याचे व्याज ६,७४१ जाते, ते ५,४१३ होईल. हप्ता १४,९७६ च ठेवला तर उरलेले ७१ हप्ते ६७ होतील आणि शेवटचा अर्धवट असेल. सगळे मिळून सत्तर हजारांच्या आसपास वाचतात.

---

हडसनपलीकडे

न्यू जर्सीहून. इथले उलटे. आमचे कर्ज तीस वर्षांचे फिक्स्ड, २.७५ टक्के, २०२१ च्या सुरुवातीचे. तेव्हा फ्रेडी मॅक (गृहकर्जे विकत घेणारी इथली संस्था) काढते ती सरासरी २.६५ पर्यंत खाली गेली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीच ७.७९ झाली आणि आमचा हप्ता एका सेंटनेही हलला नाही. मग भारतात ही सोय का नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण आम्ही घरात अडकलो आहोत. सासूबाई आल्या, एक खोली कमी पडते, पण हे घर विकले तर २.७५ चे कर्ज जाते आणि नवे त्याच्या दुपटीहून महाग. आमच्या गल्लीत तीन वर्षांत एकच पाटी लागली.

---

खिडकीपाशी

हडसनपलीकडे, फिक्स्ड दराचा मलाही मोह होतो, म्हणून त्याचा इतिहास वाचला. अमेरिकेतल्या सेव्हिंग्ज अँड लोन संस्थांनी लोकांना वर्षानुवर्षांची फिक्स्ड कर्जे दिली होती आणि पैसा होता अल्प मुदतीच्या ठेवींचा. १९७९ नंतर तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख व्होल्कर यांनी महागाई मोडायला दर प्रचंड चढवले. ठेवींवर जास्त द्यायचे आणि कर्जावर जुनेच कमी यायचे, यात शेकडो संस्था बुडाल्या. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तिच्या मुळाशीही दर चढल्याने किंमत पडलेले दीर्घ मुदतीचे रोखे होते, त्यात गृहकर्जांवरचे रोखेही आले. माझे स्टेटमेंट ६४२ वर आले त्याच्या आधीच्याच महिन्यात.

दर चढण्याची जोखीम नाहीशी करता येत नाही, ती कुणाच्या तरी अंगावर येतेच. अमेरिकेत ती रोखे घेणाऱ्यांवर आणि शेवटी सरकारी पाठबळावर येते, आपल्याकडे ती कर्जदारावर टाकली आहे. हा निवड करण्याचा भाग आहे आणि तो बदलू शकतो. कॅम्पबेल, रामदोराई आणि रॅनिश यांनी भारतातली १९९५ ते २०१० ची दहा लाखांहून जास्त गृहकर्जे तपासली. इथे नियम भराभर बदलले आणि त्या नियमांनी व्याजदरावर आणि थकबाकीवर ठळक परिणाम केला, असे त्यांना आढळले. २००९ ची टीझर कर्जे आठवतात? पहिल्या वर्षी आठ टक्के आणि पुढे महाग. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये अशा कर्जांसाठी बँकेने बाजूला ठेवायची तरतूद दोन टक्क्यांवर नेली आणि ती प्रथा ओसरली. नियम चांगला असेल तर तो न विचारणाऱ्यालाही वाचवतो. म्हणूनच मला ही जबाबदारी फक्त कर्जदाराच्या जागरूकतेवर टाकणे पटत नाही. सगळ्यांच्या घरात एक्सेल उघडणारा नवरा नसतो.

---

आकडेमोड

वर परिपत्रकातली एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगतो, कारण कुणी या धाग्यावर विसंबून शाखेत जाईल. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रीसेटच्या वेळी फिक्स्ड दरावर जाण्याचा पर्याय देणे बंधनकारक होते. सप्टेंबर २०२५ च्या दुरुस्तीनंतर तो बँकेच्या मर्जीवर आहे. त्याच दुरुस्तीत एक चांगली गोष्ट झाली. स्प्रेडमधला पतजोखमीखेरीजचा (कर्जदाराची पत सोडून इतर कारणांसाठी लावलेला) भाग पूर्वी तीन वर्षांतून एकदाच बदलता येई, आता गिऱ्हाईकाच्या फायद्यासाठी त्याआधीही कमी करता येतो. म्हणजे "नियमात बसत नाही" हे उत्तर आता चालणार नाही.

आणि दरकपात कर्जदारापर्यंत पोचणे रिझर्व्ह बँकेच्या स्वतःच्या कामाचेही आहे. अमेरिकेत दि माज्जो आणि सहकाऱ्यांनी पाहिले की फ्लोटिंग कर्जाचा हप्ता निम्म्यापर्यंत उतरलेल्या घरांत मोटारींची खरेदी ३५ टक्क्यांपर्यंत वाढली, आणि काहींनी आपणहून कर्ज लवकर फेडले. कपात घरापर्यंत पोचली तरच बाजारात पोचते. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ झाला. ज्याचे कर्ज अजून बेस रेटवर पडले आहे त्याच्यासाठी पतधोरण समितीच्या त्या बैठका जवळजवळ झाल्याच नाहीत.

---

खिडकीपाशी

माहितीबद्दल आभार. मी स्प्रेडचा हाच मुद्दा घेऊन जानेवारीत शाखेत गेले. माझा स्प्रेड २.८०, आणि काचेवरच्या जाहिरातीतून काढला तर नव्या कर्जाचा त्याहून बराच कमी. अर्ज दिला, दोन आठवडे गेले, थोडी फी घेतली आणि २.८० चे २.३५ झाले. माझ्यात आणि कर्जात त्या दोन आठवड्यांत काहीही बदलले नव्हते.

---

रातराणी

सगळ्यांना कळवायचे होते. बाबांना घेऊन गेले. आधी "जुनी केस आहे, सिस्टीममध्ये होत नाही" असे उत्तर मिळाले. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागितल्यावर व्यवस्थापकांनी आत बोलावले. बदलाचे पाच हजार आणि त्यावर जीएसटी, एकूण ५,९००. नवा दर ८.१५ झाला आहे, आकडेमोड यांनी धरला होता तोच. परवा नवे स्टेटमेंट आले: व्याज ५,४१३.

बाबा बराच वेळ तो कागद घेऊन बसले. मग विचारले, मागची जी वर्षे जास्त गेली ते परत मिळते का? नाही मिळत, म्हटले. त्यावर काही बोलले नाहीत. संध्याकाळी अर्जाच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या. डेपोतल्या दोघांची कर्जे २०११ आणि २०१३ ची आहेत, त्यांना उद्या नेऊन द्यायच्या म्हणाले.